नावावरचे पैसे

२०२२ च्या मे महिन्याचा शेवटचा दिवस. तपकीर गल्लीत दुपारच्या वेळी माणसाला माणूस खेटत होता. मी काउंटरवर एका गिऱ्हाइकाला स्टार्टरमधला रिले दाखवत होतो, तेवढ्यात खिशातला फोन थरथरला. बँकेचा मेसेज होता. दोन हजार रुपये जमा. खातं आईचं, नंबर माझा, कारण आईकडं फोन नाही. पीएम किसानचा हप्ता पडला होता. सरकारकडून आईच्या नावावर आलेला आयुष्यातला पहिला पैसा. तेव्हा तिचं वय आधार कार्डाप्रमाणं बहात्तर होतं. तिच्या स्वतःच्या हिशेबानं जरा जास्त. ‘गांधीबाबाला मारलं तवा मी पाळण्यात व्हते’ एवढाच तिचा जन्मदाखला.

मी गावाकडं भावाला फोन लावला. त्यानं बांधावरूनच हाक मारून सांगितलं. पलीकडून तिचा आवाज आला, “कुणाच्या नावावर?”

“तुझ्याच.”

थोडा वेळ काही ऐकू आलं नाही. मग म्हणाली, “आन् ह्यांचं?”

‘ह्यांना’, म्हणजे आमच्या आण्णांना, जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं.

मी बुधवार पेठेत मोटारी, स्टार्टर, केबल विकायच्या धंद्यात पस्तीस वर्षं काढली. शेतीचं अनुदान म्हटलं की लोकांना मुंबईचं मंत्रालय आठवतं, दिल्ली आठवते. मला आपली ही पेठ आठवते. कारण अनुदानाचा कागद शेवटी कुणाच्या तरी दुकानात दरपत्रक होऊन येतो, बिल होऊन जातो, आणि त्या कागदावर सगळ्यात आधी एक नाव लिहावं लागतं. पुरंदर, भोर, दौंड, शिरूरकडची माणसं आमच्या काउंटरवर आली की मी पेन उचलून पहिला प्रश्न हाच विचारत आलो, “नाव काय टाकू?” बहुतेकदा उत्तर देणारा एक असायचा आणि सातबाऱ्यावरचा दुसराच. कधी मेलेला बाप, कधी भांडण झालेला चुलता, कधी मुंबईत गिरणीत गेलेला थोरला भाऊ.

दुकान बंद करून स्वारगेटकडं निघालो की बुधवार चौक लागतो. दुसऱ्या बाजीरावाचा बुधवार वाडा या भागात होता. पेशवाईत रयतेला सरकारातून तगाई मिळायची. बियाण्याला, बैलाला, विहिरीला. ती उसनवारी असायची, फुकट काही नव्हतं. पण पडीक जमीन वहितीला आणली तर पहिली काही वर्षं सारा कमी आणि मग दरसाल चढता, असा इस्तावाही असायचा. दुष्काळ पडला किंवा फौजेनं उभं पीक तुडवलं तर सूट मिळायची. दुसऱ्या बाजीरावाच्या वेळी मात्र महालांचे मामले मक्त्यानं जाऊ लागले. जो जास्त रक्कम कबूल करील त्याला मामला. मक्तेदार स्वतःचे पैसे आधी वसूल करणार, सूट कुठली देणार? १८१८ नंतर त्याच वाड्यात इंग्रजांच्या कचेऱ्या भरल्या आणि १८७९ च्या मे महिन्यात वाडा जळाला.

त्याच्या चार वर्षं आधी, १२ मे १८७५ ला, आमच्या गावापासून फार लांब नसलेल्या सुप्याच्या बाजारात कुणब्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली होती. त्याला दख्खनचे दंगे म्हणतात. आमच्या पुरंदरापर्यंत त्याची धग आली. मला त्यातली एक गोष्ट फार बोलकी वाटते. बऱ्याच ठिकाणी लोकांना सावकाराचा जीव नको होता, सोनंही नको होतं. त्यांना रोखे आणि खतं पाहिजे होती. ती हाताला लागली की जाळली. ज्यांना अक्षर येत नव्हतं त्यांना कागदाची ताकद बरोबर कळत होती. १८७९ मध्ये सरकारनं शेतकऱ्यांच्या कर्जासाठी कायदा केला, मग १८८३ मध्ये विहिरी-बांधबंदिस्तीच्या तगाईचा आणि १८८४ मध्ये बी-बैलांच्या तगाईचा. १८८३ मध्येच जोतीराव फुल्यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून झाला. अक्षरशून्य कुणब्याला लिहिणारा माणूस कसा नाडतो, हे त्यात पानोपान आहे. जोतीरावांनी १८४८ साली मुलींची शाळा काढली तो भिडे वाडा आमच्याच पेठेतला, दगडूशेठच्या देवळासमोरचा. २०२३ च्या डिसेंबरात तो स्मारकासाठी पाडला. पाडायच्या आधी कित्येक वर्षं मी रोज त्याच्यासमोरून जात होतो, आणि खरं सांगायचं तर चपलांचा अंगठा शिवायला थांबण्यापलीकडं तिथं कधी थांबलो नाही.

तगाई मिळायची कुणाला? ज्याच्या नावावर जमीन, त्याला. आणि जमिनीवर नाव कधीपासून लागलं? आपल्याच जिल्ह्यात इंदापूर तालुक्यात १८३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या साहेबांनी मोजणी करून नंबर पाडले, आकार बसवला. प्रत्येक नंबरापुढं एक खातेदार लिहिला. तो लिहिला कशासाठी, तर सारा कुणाकडून वसूल करायचा ते ठरावं म्हणून. म्हणजे आज ज्या नावावर सरकार पैसे टाकतं, ते नाव मुळात पैसे काढून घेण्यासाठी लिहिलेलं आहे. राबणारा कोण, पेरणारी कोण, खुरपणारी कोण, हे विचारायची त्या वहीला गरजच नव्हती. एका घराला एक नाव पुरत होतं. आमच्याकडं आजोबांच्या नावापुढं ‘ए.कु.मॅ.’ होतं. एकत्र कुटुंब मॅनेजर. शाळेत असताना मला वाटायचं, आजोबा कुठल्यातरी कंपनीत मॅनेजर होते.

या मॅनेजरनं १९७३ साली तगाई उचलली. बहात्तरच्या दुष्काळातच मी जन्मलो. कऱ्हा कोरडी, विहिरीला तळ दिसत होता. घरातली सगळी माणसं रोजगार हमीवर खडी फोडायला, आणि आई मला पाटीत ठेवून त्याच खडीवर. सुकडी खाऊन वाढलेलं पोर म्हणून मला गावात बरीच वर्षं चिडवत. तगाईतून विहीर खोल करायची होती. पहिला हप्ता मिळाला, सुरुंग उडवले, मग सर्कल येऊन बघून गेला आणि पुढचा हप्ता. काळा पाषाण लागला. पाणी लागलं ते पुढं दोन पावसाळ्यांनी. सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात आजोबांच्या नावानं तगाईचा बोजा चढला.

त्या विहिरीवर मोटार बसली ती १९८४ मध्ये. तोवर वाटण्या झाल्या होत्या, चार एकर आण्णांच्या नावावर आलं होतं. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम तेव्हा जोरात होता. अल्पभूधारकाला पंचवीस टक्के अनुदान, अत्यल्पभूधारकाला तेहतीस टक्के, बाकीचं बँकेचं कर्ज. ग्रामसेवकानं आण्णांचं नाव यादीत घातलं. बँकेनं पत्र दिलं, दरपत्रक आणा म्हणून. आण्णा, आई आणि बारा वर्षांचा मी असे तिघं सासवडहून एसटीनं दिवे घाट उतरून स्वारगेटला आलो आणि शिवाजी रस्त्यानं चालत बुधवार पेठेत. आईला आणायचं कारण सरळ होतं. कर्जात मोटार आणि स्टार्टर बसत होतं. पाइप, केबल आणि वीज बोर्डाचं कोटेशन रोखीनं भरायचं होतं. त्यासाठी तिची बोरमाळ आदल्या दिवशी सासवडात गहाण पडली होती आणि पैसे तिच्या कमरेच्या पिशवीत होते. शिवाय तिला तुळशीबाग बघायची होती.

दुकानदारानं आण्णांना आत गादीवर बसवलं. मी मोटारींवरून हात फिरवत होतो. आई बाहेर पायरीवर, भाकरीचं फडकं मांडीवर घेऊन. पैसे द्यायची वेळ आली तेव्हा आण्णांनी मला बाहेर पाठवलं. तिनं भिंतीकडं तोंड करून पिशवी सोडली आणि नोटा माझ्या हातात दिल्या. कागदावर एक साक्षीदार पाहिजे होता. आण्णा सहज म्हणाले, “मालकीण हाय की बाहेर.” दुकानदार म्हणाला, “बाईंचं राहू द्या.” दुकानातल्या हमालानं सही केली. त्याला आमचं गाव कुठलं तेही माहीत नव्हतं.

मोटार एसटीच्या टपावर चढवण्यात इतका वेळ गेला की तुळशीबाग राहिलीच.

पाणी सुरू झालं. घेवडा, वाटाणा, मग बांधाला अंजीर. कर्ज फिटलं. अनुदानाची रक्कम बँकेनं कर्जातच वळती केली, त्यामुळं ती आमच्या घरात कुणी डोळ्यांनी बघितलीच नाही. बोरमाळ मात्र सुटली नाही. व्याज चढत गेलं, एक साल वाटाणा मातीमोल झाला, आणि सोनाराकडचा तो कागदही संपला. आण्णा कधीतरी म्हणायचे, “मोटारीला सरकारनं चार आणे दिलं.” आई काही म्हणायची नाही.

पुढं १९९० मध्ये बारावी होऊन मी नोकरी शोधत पुण्यात आलो आणि याच पेठेत लागलो. आता मी गादीच्या आतल्या बाजूला होतो. त्या दिवसांबद्दल एक गोष्ट सांगितली पाहिजे. काही मोटारी नुसत्या फोटोपुरत्या गावाला जाऊन यायच्या. सकाळी टेम्पोत चढायच्या, तपासणी झाली की संध्याकाळी परत शेल्फावर. बिल तेवढं पुढं जायचं आणि रक्कम वाटून घेतली जायची. अशी बिलं मी माझ्या हातानं लिहिली आहेत. मालकानं सांगितलं म्हणून लिहिली असं म्हणून मी सुटणार नाही, कारण एकदा माझ्याच ओळखीच्या माणसासाठी मी मालकाला गळ घातली होती. त्याच्या विहिरीत टिपूस पाणी नव्हतं. त्याला पाहिजे होती म्हैस, मंजूर झाली मोटार, कारण त्या वर्षी तालुक्याला मोटारींचा कोटा होता. चोरी ती चोरीच. पण तो कोटा ठरवणाऱ्यानं त्याची विहीर बघितली नव्हती, हेही तितकंच खरं.

याच काळात गावागावांत शेतकरी संघटनेचे लाल बिल्ले दिसायचे. शरद जोशींनी चाकणच्या कांद्यापासून एकच धोशा लावला होता : अनुदानाची भीक कशाला, मालाला भाव द्या. १९८६ ला चांदवडला बायकांचं मोठं अधिवेशन झालं आणि पुढं लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम आला. नवऱ्यानं राजीखुशीनं थोडी जमीन बायकोच्या नावावर करायची. कित्येक गावांनी ते करून दाखवलं. आण्णा सभा ऐकून आले, रात्री जेवताना भरभरून बोलले, बिल्लाही मिरवला. सातबारा होता तसाच राहिला. मी तेव्हा काही बोललो नाही. मला ते आपल्या घराबद्दल आहे असं वाटलंच नव्हतं.

आता वस्तू देणं बंद झालंय. २०१६-१७ पासून बहुतेक योजनांचे पैसे थेट खात्यात. आधी पूर्वसंमती, मग स्वतःच्या पैशानं खरेदी, मग मोका तपासणी, मग अनुदान. खोट्या बिलांना त्यानं बराच चाप बसला, हे मी धंद्यातला माणूस म्हणून सांगतो. पण सगळी रक्कम आधी ओतायची कुठून? ज्याच्याकडं आहे तो ओततो. ज्याच्याकडं नाही तो आमच्या मालकाकडं उधारी मागतो नाहीतर महिना टक्क्यानं उचलतो, आणि अनुदान येईस्तोवर त्यातला बराच भाग व्याजात जातो.

मग आली पीएम किसान. २४ फेब्रुवारी २०१९ ला गोरखपूरहून पहिला हप्ता सुटला. वर्षाला सहा हजार, दोन-दोन हजारांच्या तीन हप्त्यांत. आधी दोन हेक्टरपर्यंतच होती, निवडणूक झाल्यावर सगळ्या खातेदारांना लागू केली. दरपत्रक नाही, बिल नाही, मोका तपासणी नाही. आमच्या दुकानात त्या आठवड्यात हाच विषय होता. शहरातली माणसं हिशेब करून हसायची : दिवसाला सोळा रुपये! दोन हजारांना हसणारा बहुधा पगारदार असतो. पेरणीच्या तोंडाला दोन हजारांत डीएपीची एक गोणी आणि युरियाच्या दोन येतात, हे ज्याला ठाऊक आहे तो हसत नाही. पण मिळणार कुणाला, तर १ फेब्रुवारी २०१९ ला ज्याचं नाव जमिनीवर आहे त्याला. त्यानंतर कुणी बायकोच्या, मुलाच्या नावावर जमीन केली तर ती धरायची नाही. अपवाद एकच. खातेदार मेला आणि वारसाचं नाव लागलं तर. खंडानं, वाट्यानं करणारे त्यात नाहीत, मजूर तर नाहीतच. आणि कुटुंब म्हणजे नवरा, बायको, अज्ञान मुलं मिळून एक. आण्णांना हप्ते सुरू झाले.

शेवटची चारपाच वर्षं आण्णांना गुडघ्यानं उठवत नव्हतं. शेत आई आणि धाकटा भाऊ बघत होते. पैसे आण्णांच्या खात्यात यायचे, भाऊ काढून आणायचा, आण्णा मोजून उशाखाली ठेवायचे आणि आई मागेल तसे द्यायचे. यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं.

२०२० च्या नोव्हेंबरात आण्णा गेले. डिसेंबरच्या २५ तारखेला त्यांच्या खात्यात दोन हजार पडले. मेलेल्या माणसाचा हप्ता. तो आम्ही पुढं परत भरला. वारसनोंदीसाठी तलाठी भाऊसाहेबांनी चार नावं लिहिली : आई, मी, भाऊ, बहीण. मग आम्ही दोघा भावांनी जे केलं ते घराघरांत करतात तेच. बहिणीला सासवडला दुय्यम निबंधकाकडं नेलं, हक्कसोडपत्रावर सही घेतली, साडी नेसवली. १९९४ पासून महाराष्ट्रात मुलीला बरोबरीचा हक्क आहे, हे मी कुठंतरी वाचलेलंही होतं. सही करताना ती हसत होती. घरी जाताना एसटीत चढेपर्यंत तिनं मागं वळून बघितलं नाही, ते मला अजून आठवतं.

त्याच कागदावर आईचाही अंगठा घ्यायचा ठरलं होतं. भावाचं म्हणणं, आईचं नाव कशाला, चार वर्षांनी परत वारस लावत बसायचं, फेरफाराचा तेवढाच हेलपाटा. मला ते पटलं होतं. शाईचा पॅड तिच्यापुढं सरकवला तर तिनं हात पदराखाली घेतला.

“म्या न्हाय उठवणार.”

“अगं, जमीन कुठं चाललीय का? आम्ही हायेच की.”

“तुमी हायसा. नाव लागू द्या. मरेपातूर असू द्या.”

कचेरीतली माणसं बघायला लागली. भाऊ चिडला. ती बाकावरून हलली नाही. बहिणीनं तेव्हा मान वर करून तिच्याकडं बघितलं, पण तिची सही होऊन गेली होती.

सातबाऱ्यावर आईचं नाव लागलं, जुन्या रीतीनं ‘भ्र.’ लावून, म्हणजे भ्रतार अमुक. मग किसानची नोंदणी. आधारावर सासरचं नाव, पासबुकात हाक मारायचं नाव. ते दुरुस्त करण्यात पाच महिने. ई-केवायसीला सेतू केंद्रावर नेलं तर मशीन ठसाच घेईना. उजवा अंगठा, डावा, मग एकेक बोट. पोरगं म्हणालं, “आजी, हाताला तेल लावा, चार दिवस काम नका करू, मग या.” चार दिवस खुरपं न धरता ती अंगणात बसून राहिली, आयुष्यात पहिल्यांदाच. पुन्हा गेलो, पुन्हा तेच. खडी आणि खुरप्यानं रेघा गेलेल्या. शेवटी आधारला माझा फोन नंबर जोडून ओटीपीवर काम झालं. त्यावर तो मेचा मेसेज आला.

ते दोन हजार तिनं भावाला आणायला लावले आणि रविवारी मी गावी गेलो तेव्हा माझ्यापुढं ठेवले. “लेकीला दे.” मी म्हणालो, निम्मे दे, निम्मे ठेव. “न्हाय. समदं.” मी बहिणीकडं जाऊन दिले. तिनं घेतले, मोजले नाहीत. राज्य सरकारचा नमो शेतकरी सन्मान निधी २०२३ च्या ऑक्टोबरात सुरू झाला आणि वर्षाचे बारा हजार झाले. आजही दर वर्षी एक हप्ता बहिणीकडं जातो. कोणता, ते आई ठरवते.

२०२५ मध्ये सरकारनं ‘जिवंत सातबारा’ म्हणून मोहीम काढली. मेलेल्या खातेदारांच्या जागी वारस लावायचे आणि पुढं जुन्या, कालबाह्य नोंदी काढून टाकायच्या. नवीन उतारा हातात आला तेव्हा मी पहिल्यांदा नीट वाचला. वर आईचं नाव, आम्हा दोघांचं नाव. इतर हक्कात १९७३ ची तगाई तशीच. आजोबा गेले, आण्णा गेले, बोजा आईच्या नावापर्यंत येऊन बसला होता. भाऊसाहेब म्हणाले, फेडल्याचा कागद असेल तर काम सोपं होईल. मी म्हटलं, बावन्न वर्षांपूर्वीचा कागद कुठला असणार.

आई आत गेली. लोखंडी ट्रंक ओढल्याचा आवाज आला. लुगड्याच्या चिंधीत बांधलेल्या सहा पावत्या तिनं आणल्या. तिला वाचता येत नाही, पण त्या तिनं हप्त्यांच्या ओळीनं लावून ठेवल्या होत्या. पिवळ्या पडलेल्या, घडीवर फाटलेल्या, आजोबांच्या नावाच्या.

“या तुझ्याकडं कशा?” मी विचारलं.

“मामंजींनी फेडली व्हती. पर शेवटच्या दोन हप्त्याला माझ्या माहेरच्या शेळ्या इकल्या. म्हणलं, कागद ऱ्हाऊ द्यावा आपल्यापाशी.”

भाऊसाहेबांनी पावत्यांचे फोटो काढून घेतले. पुढच्या महिन्यात फेरफार होऊन ती नोंद गेली. कोरा उतारा तिला वाचून दाखवला, तगाई कुठं होती ती जागा बोटानं दाखवली. तिनं मान हलवली, पावत्या परत चिंधीत बांधल्या आणि ट्रंकेत ठेवून दिल्या.